टोपीवरचा चंद्र

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, फोटोची. आधीच सांगते, कारण लोक माझ्यातून पलीकडचं बघायला लागतात.

व्हेनिसचे फोटोग्राफर बोर्तोलो मला कॅमेऱ्यात बसवून शहराची दृश्यं टिपत आणि परदेशी प्रवासी ती आठवण म्हणून घेऊन जात. बारा आकडे मोजेपर्यंत समोरच्यानं हलायचं नसे. हलला की नुसता डाग! मग मला खरवडून पुन्हा कामाला लावत.

सात वेळा खरवडली गेले मी. सातही वेळा कारण एकच, नावाडी अँझोलो. त्याला बोर्तोलोंची मुलगी ओर्सोला हवी होती.

"माझ्या दृश्यात बारा आकडे गप्प उभा राहा, मुलगी तुझी," बोर्तोलो म्हणाले होते.

अँझोलो झोपेतसुद्धा वल्हं मारणारा माणूस. पाचव्यांदा तर त्यानं मध्येच विचारलं, "मी हललो नाही ना?"

आठवी खेप शेवटची ठरली. तो घाटाच्या कडेला उभा, मागे मोकळं आभाळ. सहाव्या आकड्याला त्याच्या टोपीवर कबूतर बसलं! ते पंख फडफडवतंय, गोल नाचतंय, आणि अँझोलो दगड! दहा, अकरा, बारा!

"मालक, लग्नाची तारीख काढा!" तो ओरडला.

बोर्तोलोंनी मला धुऊन उजेडात धरलं. "तुझ्या डोक्यातून धूर निघालाय. दृश्य वाया."

"मी नाही हललो, कबूतर हललं!"

"मग त्याला नाही देणार मुलगी. तुलाही नाही." त्यांनी खरवडणी उचलली.

ओर्सोलानं मला हिसकावलं. "बाबा, आपली चांदण्यातली दृश्यं कधी टिपतो आपण?"

"भर दुपारी. चंद्र तू काढतेस."

"मग?"

तिनं त्या धुरावर काळ्या शाईचा गोल ठिपका दिला. काचेवरचं काळं कागदावर पांढरं उमटतं. कागदाला निळा रंग दिला आणि अँझोलोच्या टोपीवर पौर्णिमा उगवली! त्याची सावली मात्र दुपारचीच, पायाशी.

आठवड्याभरात एक जर्मन प्रवासी ते दृश्य बघून गहिवरला. "केवढी ही शांतता!" म्हणत त्यानं सहा प्रती घेतल्या. तेव्हा अँझोलो मागे गळा फाडून गात होता. बोर्तोलो उठले आणि पाद्र्याकडे तारीख विचारायला गेले.

मित्रांनो, माझ्या कित्येक बहिणी खरवडून झाडांच्या काचघरांना लावल्या गेल्या. तुम्हाला अशी काच सापडली तर पुसण्याआधी उजेडात धरा. आणि चंद्र दिसला तर त्याला नख लावू नका. खाली कबूतर आहे.