लोंबत्या चाकांचं माप

मी रेडा बोलतोय. जनावर नव्हे, ट्रक. चारही चाकांना जोर असलेला, जुन्या बनावटीचा, वयानं माझ्या आताच्या मालकापेक्षा थोडा मोठाच. चिखलातून वर येताना मी जे हुंकार देतो ते ऐकून उस्तादानं माझं नाव रेडा ठेवलं. खऱ्या रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. माझ्यापाशी वेद नाहीत. एक साधं वाक्य आहे. ते ज्याच्या कानी पडायला हवं त्याच्या पडत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

कारखान्यातल्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. मला आठवतं ते उस्तादाचं गॅरेज. पत्र्याचं छप्पर, तेल पिऊन काळी झालेली फरशी, भिंतीवर लहानमोठे पाने आणि दारात एक लोखंडी खुर्ची. लिलावातल्या मोडक्या गाड्यांतून त्यानं मला उचललं, तेव्हा लोक म्हणाले, भंगार आणलंस. उस्ताद म्हणाला, भंगार आवाज देत नाही, हा देतो. मग त्यानं मला उभं केलं, आणि आम्ही दोघं डोंगरावरच्या वस्त्यांना सिमेंट, पत्रे, पाण्याच्या टाक्या पोचवू लागलो.

उस्ताद म्हणजे जमदग्नीचा अवतार. पाना द्यायला उशीर झाला तर शिवी, चुकीचा दिला तर दोन. हातात मात्र जादू होती. पण सांगून शिकवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. बघ आणि शीक, हा त्याचा खाक्या. बघणाऱ्याला काय दिसलं आणि काय नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही.

एक उदाहरण देतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं आहे. सायलेन्सरचा पाइप मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड दांड्यावरून, एक्सलवरून, वाकवून न्यावा लागतो. सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावून गाडी उचलली की तिचा सांगाडा वर राहतो आणि चाकं एक्सलसकट खाली लोंबतात. तेव्हा एक्सल आणि पाइप यांच्यात अख्खा हात जाईल एवढी जागा दिसते. गाडी खाली उतरवून माल भरला की सांगाडा बसतो आणि ती जागा नाहीशी होते. म्हणून उस्ताद शेवटचं माप भरल्या गाडीवर घ्यायचा. माल नसला तर गल्लीतल्या पोराटोरांना हाक मारायचा, चढा रे हौद्यात सगळे. पोरं नाचत चढायची, त्यात त्याचा लेक सगळ्यांच्या पुढे. त्यांना वाटायचं, खेळ आहे. खाली उस्ताद माप घेतोय, हे वर बसलेल्याला कसं दिसणार?

मग उस्तादाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ज्याच्या आवाजानं पत्रे थरथरायचे, त्याच्या तोंडून आता नुसता 'आं' निघतो. तो दारातल्या खुर्चीत बसून असतो आणि मी समोर उभा असतो. दोघंही सारखेच. कोणीतरी हलवल्याशिवाय हलायचं नाही.

लेक गुणी आहे, हे मला सांगितलंच पाहिजे. बापाचा हात त्याला आला, तोंड नाही आलं. बापाला जेवू घालतो, दाढी करतो, गॅरेज सांभाळतो. त्याला एकच ध्यास लागला, की बाबांच्या चेहऱ्यावर एकदा हसू दिसावं. उस्ताद पूर्वी म्हणायचा, रेडा बिचारा एका नाकपुडीनं डोंगर चढतो, याला दुसरी करून द्यायला हवी. माझ्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी धूर निघतो आणि पोटाखाली एकाच पाइपात कोंबला जातो. लेकानं ठरवलं, बाबांच्या डोळ्यांदेखत रेड्याला दुसरा पाइप बसवायचा.

काम त्यानं जीव लावून केलं. माझ्या पोटाखाली डाव्या अंगाला डिझेलची टाकी आणि उजव्या अंगाला पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट. दोघांच्या मधून वाट काढायची म्हणजे तारेवरची कसरत. त्यानं पाइप शाफ्टपासून लांब ठेवला, टाकीला धग लागू नये म्हणून मध्ये पत्रा मारला. उस्ताद खुर्चीतून मान हलवत होता. इथपर्यंत मीही खूश होतो.

मग लेक मागे आला. मी घोड्यांवर, चाकं लोंबलेली. त्यानं एक्सलवर हात घालून पाहिला, ऐसपैस जागा दिसली, आणि त्यानं पाइपवर खडूनं खूण केली.

उस्तादानं काठी आपटली. लेक धावत गेला. पाणी हवंय का? नको. आत नेऊ का? नको. उस्ताद डाव्या हातानं माझ्या हौद्याकडे बोट दाखवत राहिला, पुनःपुन्हा. सूनबाई बाहेर आली. लेक हसून तिला म्हणाला, "बाबांना हौद्यात बसायचंय गं. आम्हा पोरांना बसवायचे ना, ते आठवलं असेल."

इतक्या जवळ येऊन तो चुकला. पाइप बसवून झाल्यावर त्यानं मला खाली उतरवलं, शेजारच्या टायरवाल्याला बोलावलं, आणि दोघांनी उस्तादाला खुर्चीसकट हौद्यात चढवलं. इंजिन सुरू केलं. दोन नाकपुड्यांनी श्वास घेणं काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं. उस्तादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टायरवाला म्हणाला, म्हाताऱ्याला भरून आलं. एका वाळक्या माणसाच्या वजनानं माझं अंग तीळभर खाली बसलं नाही. वर तो रडत होता, खाली मी रिकामा उभा होतो.

पहिल्याच भरल्या फेरीत, खड्ड्यात चाक गेलं आणि एक्सलनं नव्या पाइपाला ठोसा दिला. ठक. लेकाला ऐकू आलं, पण त्याला वाटलं स्प्रिंगचे जुने पाटे कुरकुरताहेत. त्यानं वाटेत थांबून पाट्यांना तेल पाजलं. दुसरा ठोसा, तिसरा. पाइप चेपला आणि हळूहळू आत सरकला. तिथे माझ्या ब्रेकची रबरी नळी आहे. माझ्या काळच्या गाड्यांना ब्रेकची वाट एकच. ती नळी फुटली की चारपैकी एकही चाक थांबत नाही, आणि ती फुटेल तर उतारावर पाय दाबल्यावरच फुटेल.

संध्याकाळी परत आलो. दारातल्या गटाराच्या फरशीवर चाक चढलं आणि पुन्हा ठक झालं. उस्तादानं मान वर केली. त्याला कळलं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. लेक हात धुवायला आत गेला, तेवढ्यात उस्ताद खुर्चीतून खाली घसरला. फरशीवरून एका हातानं अंग ओढत तो माझ्या मागच्या चाकापाशी आला. मग त्यानं डाव्या हातानं आपला मेलेला उजवा हात उचलला आणि पाइप जिथे चेपला होता तिथे नेऊन ठेवला. पाइप तापलेला होता. चामडी भाजल्याचा वास मला आला, त्याला मात्र काही जाणवत नव्हतं. तो हात तसाच धरून दाराकडे बघत राहिला. मी लोखंडाचा, पण त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थंड होणंसुद्धा माझ्या हाती नव्हतं.

लेक धावला, हात सोडवला, पाण्यात बुडवला. तो रडत होता. "बाबा, असं काय करता हो?" सूनबाई चाकापाशी उभी राहून म्हणाली, "त्यांना काहीतरी सांगायचंय." लेक म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, या आजारात माणूस असं करतो."

सकाळी त्यानं मला पुन्हा घोड्यांवर चढवलं. माझी चाकं पुन्हा लोंबली आणि एक्सल पुन्हा सज्जनासारखा लांब गेला. चेपलेली जागा लेकाला दिसली. दगड उडाला असेल, तो म्हणाला. मग त्यानं त्या पाइपावर जाड, खरखरीत पट्टी गुंडाळायला घेतली, वेल्डिंगच्या ठिणग्यांनाही दाद न देणारी. वळसे घट्ट, नेटके, बापासारखे. एक बोट जाडी वाढली. होती नव्हती ती जागाही भरली, आणि आता पाइप भरल्या गाडीत रबरी नळीला कानशीसारखा घासतो.

काम संपवून लेक उस्तादापुढे उकिडवा बसला. त्याचा बांधलेला हात मांडीवर घेऊन म्हणाला, "आता बिनधास्त हात लावा, बाबा. भाजणार नाही."

उस्तादानं डोळे मिटून घेतले. त्यानंतर त्यानं काठी आपटलेली नाही.

आज हौद्यात डोंगरावरच्या शाळेसाठी सिमेंट भरलं आहे. सूनबाईला लेकीला घेऊन माहेरी जायचंय, घाटापलीकडे, म्हणून दोघी केबिनमध्ये बसल्या आहेत. छोटी स्टिअरिंगवर हात मारून माझा आवाज काढते आहे. उस्तादापाशी टायरवाला बसणार आहे. मी पुरता खाली बसलोय. पट्टी नळीला टेकली आहे.

बाबांनो, तुमच्यापैकी कोणी या गल्लीतून जात असाल तर एक करा. माझ्या मागच्या चाकाशी वाका आणि लेकाला म्हणा, भरल्या गाडीखाली बघ. एवढंच माझं वाक्य. घोड्या काढून, माल भरून, मग बघ. तो शहाणा आहे, बघितल्याबरोबर त्याला समजेल, पुढचं सांगायची गरज पडणार नाही.

टायरवाला आला. त्यानं मला मागून एक थाप मारली, आणि न वाकता खुर्चीशेजारी जाऊन बसला. लेकानं क्लच दाबून पहिला गिअर टाकलाय. तो क्लच सोडेल आणि मला निघावं लागेल.