साहेबांची बदली

“डोळे दिवसातून दोनदा पुसायचे. कोमट पाण्यात कापूस बुडवून, असे हलक्या हाताने,” म्हणत ऑपरेटरबाईंनी मांडीवरच्या साहेबांचे डोळे पुसूनच दाखवले. “आणि केस रोज विंचरायचे. एक दिवस आळस केलात की गाठी झाल्याच म्हणून समजा.”

समोर बसलेली चष्म्याच्या दुकानाची मालकीण सगळं वहीत लिहून घेत होती.

साहेब म्हणजे सात वर्षांचा शित्झू जातीचा कुत्रा. वीतभर उंची, जमिनीवर लोळणारे केस, डोक्यावर रबरबँडची शेंडी आणि चपट्या नाकामुळे चेहऱ्यावर कायमची नाराजी. बाईंनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसून नाही नाही त्या साहेबांना फोन जोडून दिले होते. निवृत्तीनंतर एक तरी साहेब आपल्या हुकमात असावा, म्हणून हे नाव ठेवलेलं. हुकूम अर्थातच साहेबांचाच चालायचा.

मागच्या महिन्यात बाई जिन्यावरून पडल्या. हाड वाचलं, पण धाकट्या भावाने हट्टच धरला की आता एकटं राहायचं नाही. त्याच्याकडे जायचं ठरलं. भावजयीला दमा होता, त्यामुळे घरात केसाळ जनावर चालणार नव्हतं; साहेब आता चष्मेवालीकडे राहणार होते. भाऊ चांगला, भावजय त्याहून चांगली. भांडावं तरी कोणाशी?

“घराची राखण करेल ना हो?” चष्मेवालीने विचारलं.

“चोर आला तर त्याच्या मांडीवर जाऊन बसेल. राजवाड्यात लाडाने वाढलेली जात ही. राखणीला तिथे शिपाई होते.” बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. “पण माझा लळा फार आहे त्याला. सुरुवातीला घरभर मला शोधत फिरेल, रडेल. कधीही फोन करा, मी गाडी करून येईन.”

चष्मेवालीने हात पुढे केले. साहेब उठले, अंग झटकलं, तिच्या मांडीवर गेले, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि तिच्या मनगटावर हनुवटी टेकून त्यांनी डोळे मिटले.

“अगबाई, आला की,” ती म्हणाली.

“हो ना,” म्हणत बाई कंगवा आणि वाडगा पिशवीत भरायला उठल्या.

भावाच्या घरी त्यांना खिडकीजवळची खोली मिळाली. मोबाइल त्या हातातून खाली ठेवत नव्हत्या. एक दिवस गेला, दोन गेले, फोन काही आला नाही. त्या कुत्र्याने आपल्यासाठी थोडे तरी हाल करून घ्यावेत असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटतं याची शरमही वाटत होती. मुक्या जनावराचं वाईट चिंतायचं म्हणजे काय? पाचव्या दिवशी न राहवून त्यांनीच फोन लावला.

“अहो, काही म्हणजे काही त्रास नाही,” चष्मेवाली म्हणाली. “पहिल्या दिवसापासून सासूबाईंच्या पायाशी घोरत पडलेला असतो. वाडगा चाटूनपुसून लख्ख. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेतलात.”

“बरं झालं बाई,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कामावर असायचा तसाच स्वच्छ होता. “शेंडी फार घट्ट बांधू नका. ठेवते.”

संध्याकाळी जेवताना भावाने विचारलं, “अक्का, साहेबांची काय खबर? रमले का?”

बाईंनी घास खाली ठेवला.

“कसले रमतायत. तीन दिवस अन्नाला शिवले नाहीत म्हणे. नुसते दाराकडे डोळे लावून बसले होते.”

भावजयीचा हात थांबला. “माझ्यामुळे हो सगळं,” ती म्हणाली. “किती जीव असेल त्याचा तुमच्यावर.”

“होता खरा,” बाई म्हणाल्या.

भावजयीने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. भूक नव्हती, तरी बाईंनी खाली मान घालून तो सगळा संपवला.