डाव्या हाताचा पीळ

दोघी बहिणींच्या घरात रंगांना तोटा नव्हता. बाकी बऱ्याच गोष्टींना होता. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी, एवढाच सगळा पसारा. पडवीत तीन मोठी पातेली: एक पिवळ्याचं, एक लालचं आणि एक निळीचं. निळीच्या पातेल्याला असा काही वास सुटायचा की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, आज काय मेलंय तुमच्याकडे? थोरली ढवळता ढवळता सांगायची, मेलं नाही, निळं होतंय.

थोरली रंगवायची, पिंजायची, कातायची. धाकटी धाग्याला धागा जोडून पीळ घालायची आणि विणायची. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती. थोरली नवऱ्यामागे एकटी राहिली, धाकटी लग्नाच्या भानगडीत पडलीच नव्हती, आणि दोघी एका छपराखाली आल्यावर जिच्या हाताला जे लागलं ते तिने उचललं. भांडायच्या म्हणाल तर रोज. थोरलीला वाटायचं, धाकटी टाके फार घट्ट घालते. धाकटीला वाटायचं, थोरली लालमध्ये जरा जास्तच जीव ओतते. पण पिवळी लोकर निळीतून बाहेर काढायची वेळ आली की थोरली हाक मारायची आणि धाकटी हातातली सुई टाकून पडवीत धावायची. पातेल्यातून निघताना ती लोकर मळकट, कुणाला नको अशी दिसते. मग वारा लागतो आणि बघता बघता हिरवी होत जाते, आधी कडांना, मग आतपर्यंत. दोघींनी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. तरी दोघी ओले हात कमरेवर ठेवून उभ्या राहायच्या आणि पूर्ण हिरवं झाल्याशिवाय हलायच्या नाहीत. त्यांच्या आयुष्यात याहून मोठं सुख आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी कधी मागितलंही नाही.

आता पिळाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अडलं आहे. थोरली टकळीला उजव्या हाताने टिचकी मारायची, टकळी उजवीकडे फिरायची आणि एकेरी धागा निघायचा. असा धागा मोकळा सोडला तर स्वतःभोवतीच गुंडाळतो, त्याच्या अंगात पीळ असतो. असे दोन धागे शेजारी धरून धाकटी आपली टकळी डावीकडे फिरवायची. तसं केलं की दोघांचा ताठा एकमेकांत जिरतो आणि विणण्याजोगा मऊ, शहाणा धागा तयार होतो. असं का होतं, हे धाकटीने कधी विचारलं नव्हतं. ताईने एकदा सांगितलं, तू डावीकडे फिरव. ती आजवर डावीकडेच फिरवत आली होती.

मग एका सकाळी थोरली पातेल्यापाशी खाली बसली, ती तिला उठताच येईना. अर्धांगवायूचा झटका. उजवं अंग गेलं, आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. हो, नाही, पाणी आणि असेच चारदोन शब्द उरले, तेही कधी जागेवर सापडायचे, कधी नाही. जिच्या जिभेला हाड नव्हतं ती बाई एकेका शब्दासाठी घामाघूम व्हायची आणि शेवटी तोंड मिटून भिंतीकडे बघायची.

थोरलीचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अशा गोष्टीत मुलाला खलनायक करायची आपल्याला फार घाई असते. तो आला, दवाखान्यात राहिला, आईला घरी घेऊन आला, आणि जाताना मावशीला म्हणाला, की तू स्वतः साठीच्या पुढची, तिला उचलता उचलता तूच पडलीस तर मी कुणाकुणाकडे बघू? डॉक्टर म्हणाले होते की चांगल्या हाताला काम मिळालं तर माणूस उभारी धरतं, नाहीतर खचत जातं. तेव्हा असं ठरलं, की पुढच्या खेपेला तो येईल तोवर आईचा हात कशात तरी रमलेला दिसला तर ती इथेच राहील. नाहीतर तो तिला घेऊन जाईल.

ताई गेली तर आपण जगू शकणार नाही, असं धाकटी मनाशी म्हणायची. याच शब्दांत, आडपडदा न ठेवता.

तिने ताईला खुर्चीत बसवलं, पिंजलेल्या हिरव्या लोकरीचा पेळू तिच्या उजव्या काखेत दाबून दिला आणि टकळीचं टोक वाटीत टेकवून टकळी डाव्या हातात दिली. थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू बहिणीलाच झटका आलाय. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. टिचकी मारायची, टकळी फिरतेय तोवर त्याच हाताने लोकर ओढायची, पुन्हा टिचकी. आधी धागा कुठे दोरखंडासारखा, कुठे केसासारखा. मग हळूहळू एकसारखा. एके दुपारी थोरलीने वीतभर धागा असा काढला की धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, जमलं गं," ती म्हणाली. थोरली अर्ध्या तोंडाने हसली. त्या दिवशी दोघींनी दोन वेळा चहा घेतला.

टकळी भरली तेव्हा धाकटीने तो धागा आपल्याकडे घेतला. ताईने झटक्याआधी कातलेल्या एकेरी धाग्याचा एक गुंडा टोपलीत शिल्लक होता. जुना नि नवा जोडून पीळ घालायचा असं तिच्या मनात होतं. पण ते काही केल्या जुळेना. जुन्याचा पीळ सुटत गेला तसा नवा आणखी आवळत गेला, आक्रसला, जागोजाग गुंतला, आणि ओढल्यावर तटकन तुटला. मग तिने नव्याला नवाच जोडून पाहिला. ते तर त्याहून वाईट. नुसत्या गाठीच गाठी.

थोरली खुर्चीतून बघत होती. तिने डावा हात उचलला, धाकटीच्या हाताकडे बोट केलं आणि सगळा जीव एकवटून म्हणाली, "उलटी."

धाकटी हातातलं टाकून घमेलं आणायला धावली.

तिने घमेलं ताईच्या हनुवटीखाली धरलं, पाठ चोळली. काही आलं नाही. थोरलीने जोरजोराने मान हलवली, घमेलं ढकललं आणि पुन्हा म्हणाली, "उलटी. उलटी." धाकटीने लिंबाची फोड हुंगायला दिली. पुढे पुढे हे रोजचंच झालं. धाकटी टकळी घेऊन बसली की ताईला मळमळायचं. धाकटीला वाटलं, आपला धागा असा नासलेला बघून तिच्या पोटात ढवळत असेल. ध चा मा होतो म्हणतात. इथे तर अक्षरही बदललं नव्हतं. आणि जी बाई जन्मभर दोन सुलट, दोन उलट असे टाके मोजत बसली, तिच्या कानाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ शिवला नाही. माणूस आजारी पडलं की त्याचे सगळे शब्द आजाराचेच होतात, दुसरं काय?

तिने डॉक्टरांना कळवलं. त्यांनी मळमळीची गोळी दिली. गोळीने थोरलीला गुंगी यायची. टकळी मांडीवर तशीच पडून राहायची, आणि उलटी म्हणायचं मात्र ती जागी झाली की सोडत नसे.

धाकटीने मनोमन मान्य केलं, की ताईचा हात गेला. धागा दिसायला बरा, पण त्याच्यात राम नाही. हे मान्य केल्यावर तिने ठरवलं, की हे भाच्याला कळू द्यायचं नाही.

तो आला त्या दिवशी तिने जुन्यातलाच थोडा धागा घेऊन नीट पीळ घातला आणि त्याची लडी करून टेबलावर ठेवली. ताईला खुर्चीत बसवून, केस विंचरून, टकळी हातात दिली होती. भाचा आईच्या पायाशी बसला. धाकटीने लडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "बघ, तुझ्या आईने कातलंय. डाव्या हाताने."

त्याने लडी गालाला लावली. लहानपणी लावायचा तशी. त्याचे डोळे भरून आले. त्याने ती आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आई, किती छान झालंय गं."

थोरलीने लडी बोटांत धरली. अंगठ्याने धागा चाचपला, एकदाच. ज्या बोटांनी तो कातला होता ती आता तिच्या मांडीवर मेल्यासारखी पडून होती, पण अंगठा डावा असला तरी धागा ओळखू शकत होता. धाकटी डोळ्यांनी विनवत होती, ताई, एवढं एकदा गप्प बस. थोरली तिच्याकडे बघतही होती.

"नाही," थोरली म्हणाली.

तिने लडी खाली टाकली. टकळीवरचा आपला एकेरी धागा ओढून बाहेर काढला, तो मुलासमोर धरला, मग धाकटीकडे नाचवला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "उलटी," ती म्हणाली, "उलटी, उलटी," आणि ओठांच्या कडेने लाळ गळायला लागली.

भाचा ताडकन उठला आणि त्याने घमेलं शोधायला पडवी गाठली.

पुढे फारसं बोलायचं उरलं नाही. धाकटीने लबाडी कबूल केली. भाचा रागावला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं. तो म्हणाला, मावशी, तू तिच्यासाठीच केलंस, पण तिची तब्येत बघ ना. निघताना थोरलीने दाराची चौकट डाव्या हाताने धरून ठेवली होती. भाच्याने एकेक बोट हळुवारपणे सोडवलं. धाकटीला त्या क्षणी ताईचा भयंकर राग आला होता. गप्प बसली असती तर राहिली असती. धाग्यापुढे तिला सख्खी बहीण दिसली नाही. गाडी गेल्यावर धाकटी पडवीत आली आणि निळीचं पातेलं तिने गटारात ओतून टाकलं.

कितीतरी दिवस तिने सुयांना हात लावला नाही. मग एकदा घर झाडताना तो डाव्या हाताचा हिरवा धागा टोपलीत सापडला. टाकून द्यायचा म्हणून तिने त्याचं टोक धरून ओढलं, आणि धागा सैल पडताच स्वतःभोवती गुंडाळला गेला. ती टाकायची थांबली. धागा ज्या बाजूला गुंडाळला होता ती तिची नेहमीची बाजू नव्हती. आणि तेवढ्या बोटभर जागेत तो मऊ, एकसारखा, अगदी ताईच्या हातचा म्हणावा असा झाला होता.

तिने दोन धागे शेजारी धरले आणि टकळी उजवीकडे फिरवली.

ना गाठ पडली, ना धागा तुटला. डाव्या हाताने टिचकी मारली म्हणजे टकळी डावीकडे फिरणार; मग जोडताना ती उजवीकडे फिरवायला हवी, हे ताईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टकळी उलटी फिरव. एवढंच. त्यातला एकच शब्द तिच्या तोंडून बाहेर पडत होता. धाकटी जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. मग तिने उरलेल्या सगळ्या धाग्याची लडी केली, पाण्यात बुडवून दांडीवर टाकली. लडी जराही न मुरडता सरळ लटकत राहिली. बैल गेला आणि झोपा केला, हे तिला कळत होतं. तरी तिच्या डोक्यात बेत शिजला, की जायचं, लडी भाच्यापुढे ठेवायची, ताईला परत आणायचं.

भाच्याचं घर उंच इमारतीत, लख्ख, कसलाही वास नसलेलं. तो कामावर गेला होता. सुनेने दार उघडलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की आई आता अगदी शांत असतात. टकळीचं टोक टोचेल म्हणून ती वर ठेवून दिली आहे. आता हात हलवतच नाहीत; डॉक्टर म्हणतात, न वापरलेला हात असाच जातो. गोळीने झोप भरपूर लागते. एक मात्र बरं झालं, सून म्हणाली, त्यांचं ते उलटी उलटी पूर्ण थांबलं.

थोरली खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर पडून होती. धाकटी तिच्याजवळ बसली. तिने पिशवीतून हिरवी लडी काढून तिच्या डाव्या हातात ठेवली. बोटं उघडीच राहिली. धाकटीने ती स्वतःच्या हातांनी मिटवली. सोडल्यावर पुन्हा उघडली. थोरलीची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागली होती.

धाकटीने तिच्या कानाशी तोंड नेलं. "ताई, उलटी," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "उलटी ना गं? उलटी म्हणत होतीस ना तू?"

स्वयंपाकघरातून सून हातात टब घेऊन धावत आली. "काय झालं, पुन्हा होतंय का आईंना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तिला कधीच होत नव्हतं."