तीस सेकंद

अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. पेशी हलली नाही. रूपेशने व्हिडिओ मागे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला.

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत तो अकरा वर्षं मोजत होता. काचेच्या बारीक नळीत मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीचं अस्तर वाढवलेलं असे आणि त्यावरून पांढऱ्या पेशी घरंगळत जात. तीस सेकंद जागा सोडली नाही, तर ती चिकटली म्हणायची. शरीराच्याच या शिपाई पेशी कधी कधी मूत्रपिंडाला शत्रू समजतात. आधी भिंतीला चिकटतात, मग आत शिरून नासधूस करतात. चिकटूच द्यायचं नाही, एवढ्यासाठी हे नवं औषध. कुठल्या नळीत औषध आणि कुठल्या नळीत नुसतं मिठाचं पाणी, हे मोजणाऱ्याला सांगत नसत. नळ्यांवर फक्त अक्षरं.

पण आठवडाभर ‘ग’मध्ये अगदी थोड्या चिकटल्या होत्या. ‘ग’ म्हणजेच औषध, असं रूपेशने मनाशी धरून टाकलं होतं. हाच आजार घेऊन घरी त्याची मुलगी मनस्वी होती, सतरा वर्षांची. औषध माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील हे त्याला कळत होतं, तरी. आणि आज ‘ग’मध्येच एकामागून एक पेशी ठाण मांडून बसत होत्या.

“मॅडम, ही जरा डुलतेय,” त्याने प्रयोगाच्या प्रमुख ऋता मॅडमना बोलावून दाखवलं. “चिकटली धरायची?”

मॅडमना घरचं माहीत होतं. त्या वाकून बघत राहिल्या.

“जागा सोडली का तिने?”

“नाही.”

“मग धर, रूपेश.”

त्याने एकेचाळीस लिहिले. काल नऊ होते.

घणसोली गावातल्या घरी पोचला तेव्हा मनस्वी पाय लांब करून त्याचीच वाट बघत बसली होती. हे रोजचंच. सूज किती ते कळावं म्हणून घोट्याच्या वर अंगठा दाबायचा, काढायचा, पडलेला खड्डा भरायला किती सेकंद लागतात ते कॅलेंडरवर लिहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काल अठरा होते. आज तो मनात मोजत राहिला, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“किती?”

“अठ्ठावीस.”

“पप्पा, वीस लिव ना.” ती हळूच म्हणाली. “डॉक्टर गोळ्या वाढवतील. माझा तोंड परत फुगंल. शुक्रवारी सेंड-ऑफ हाय, सगल्या पोरी साड्या नेसनार हायत.”

रूपेशने पेन उघडलं, आणि ते तसंच हातात राहिलं.

“तिकडं लॅबमदी पन तू जे हाय तेच लिवतोस?”

“हो, बाय.”

त्याने अठ्ठावीस लिहिलं. मग तिचा पाय मांडीवर घेतला आणि खड्डा कधीच भरला होता तरी त्यावर तळवा ठेवून बसून राहिला.