धक्क्यावरची मांजरं

ताईने बदकं घेतली तेव्हा मी भर दुकानात ओरडलो. बारा बदकं, तीन लाख नाणी! बदकं मासे पकडत नाहीत, जाळी ओढत नाहीत, बर्फ फोडत नाहीत. धक्क्याच्या कडेकडेने नुसती पोहतात आणि मधूनच शेपूट हलवतात. समोर काटा तपासायला आलेला भाजीवाला दचकला. त्याला वाटलं, त्याच्या काट्यात खोट निघाली.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. पस्तीस वर्षं करतोय. शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. अशा माणसाला बदकं घेणारी बहीण मिळावी, याला काय म्हणायचं? बायको म्हणाली, "खोटी नाणी, खोटी बदकं. तुमचा राग तेवढा खरा." तिला काय कळतंय. एकोणीस वर्षांची मिळकत होती ती.

तो मासेमारीचा एक ऑनलाइन गेम आहे. सुरुवातीला एक होडी आणि एक कोळी मिळतो. तो मासे आणतो, तुम्ही विकता, त्यातून दुसरी होडी घेता. पुढे आपल्याला काहीच करावं लागत नाही. कॉम्प्युटर बंद करून झोपा, होड्या आपल्या जात-येत राहतात आणि गोदाम भरत राहतं. खरं डोकं लागतं ते एवढ्यासाठीच, की आपण नसताना जास्तीत जास्त मासे कसे यावेत. नवशिके मोठ्या बोटी घेत सुटतात. मी हिशोब मांडून काढलं होतं, की आधी जाळी सुधारायची, मग बर्फाचा कारखाना, आणि बोटी छोट्याच पण भरपूर ठेवायच्या. एका बड्या जहाजाच्या पैशात नऊ छोट्या होड्या येतात आणि दीडपट मासे आणतात. यावर माझ्या दोन वह्या भरल्यात.

पण गेम सुरू केला तो मिळकतीसाठी नाही. बाबांसाठी केला.

बाबा लिफ्टमन होते. "चाळीस वर्षं लोकांना वर नेलं," म्हणायचे, "मी मात्र रोज संध्याकाळी तळमजल्यालाच." निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची डावी बाजू गेली. आई आधीच गेली होती. ताई आणि मी, दोघांनीही आपापली घरं सोडून त्यांच्या एका खोलीत पाळ्या लावल्या. ताई छापखान्यात बाइंडिंग करते. तिचं काम सकाळचं, म्हणून दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती बसायची. सहाला दुकान बंद करून मी यायचो. खिडकीखाली पलंग, पलंगासमोर टेबल, टेबलावर माझा जुना कॉम्प्युटर. औषधांचा वास जाऊ नये म्हणून की काय, ती खिडकी उघडायचीच नाही. वरच्या भागात रंग बसून चिकटली होती. आजही उन्हाने तापलेल्या रंगाचा वास आला की मला ती खोली आठवते आणि तिथे परत जावंसं वाटतं. तिथे काही सुख होतं असं नाही. आम्ही तिघं होतो, एवढंच.

एकदा वेळ जात नव्हता म्हणून मी तो गेम लावला. बाबा उशीवरून बघत राहिले. पहिली होडी रिकामी परत आली तर तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून हसले. तेव्हापासून पडदा त्यांच्याकडे वळवून ठेवायला लागलो. होड्यांची नावं त्यांनीच ठेवली. एक लंगडी, एक आळशी, आणि सगळ्यात जास्त मासे खाऊन टाकणारी ती मेव्हणी. एका सकाळी उठल्या उठल्या त्यांना भरलेलं गोदाम दाखवलं, तर हात वर करून म्हणाले, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. बघ, मी झोपलो होतो आणि मासे आले."

गोदाम बारा तासांत भरायचं. वेळेवर उपसलं नाही तर मासे बाहेर सांडायचे, होड्या थांबायच्या आणि धक्क्यावर मांजरं जमायची. आधी एक, मग तीन, मग सात. ती मांजरं बाबांना फार आवडायची. मला वीस मिनिटं उशीर झाला की ताईला विचारायचे, "मांजर आलं. छटाक्या का नाही आला?" छटाक्या म्हणजे मी. जन्मलो तेव्हा अगदीच एवढासा होतो.

बाबा गेल्यावर खोली सोडली. ताई लेकीजवळ राहायला दुसऱ्या गावी गेली, बसने सहा तास, आणि तिथल्या छापखान्यात लागली. जाताना कपाटाच्या किल्ल्या, बाबांचा चष्मा, भांडी, सगळं दोन मिनिटांत वाटून झालं. मग ती म्हणाली, "आणि होड्या?" मी म्हटलं, "होड्या कशा वाटणार? खातं एकच आहे." ती म्हणाली, "मग सकाळचं मी उपसते, संध्याकाळचं तू."

बस्स, तेव्हापासून तेच. ती सकाळी सहा दहाला, आधी घरच्या कॉम्प्युटरवर आणि मोबाइल आल्यापासून बसस्टॉपवर उभी राहून, एवढाच फरक. मी संध्याकाळी सहाला, शटर अर्धं खाली ओढून. आम्ही एकमेकांना फोन करत नाही. आमच्या घरात फोन वाजला म्हणजे कोणीतरी पडलं, अडलं किंवा गेलं, हे आईच्या वेळेपासून ठरलेलं आहे. सहज म्हणून फोन केला तर समोरच्याचा जीव अर्धा होतो. गेममध्ये धक्क्यावर एक फळा आहे, त्यावर एक ओळ लिहिता येते. "लंगडीचं जाळं बदललं." "पाऊस आहे." "लेकीला नोकरी लागली." एवढं पुरायचं.

आणि मांजरं होती. आठ वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन अचानक करावं लागलं. कोणाला कळवायचं सुचलंच नाही. सकाळी सहा दहाला ताईला धक्क्यावर सात मांजरं दिसली. दुपारी एकला ती पिशवी घेऊन माझ्या उशाशी हजर! बायको थक्क. "तुम्हाला कोणी सांगितलं?" ताई म्हणाली, "मांजरांनी."

आता दिवाणजीचं सांगतो. गेममध्ये एक मॅनेजर विकत मिळतो. निळी टोपी, कानावर पेन्सिल. बाबांनी त्याचं नाव दिवाणजी ठेवलं होतं. किंमत पन्नास लाख. तो एकदा ठेवला की गोदाम आपोआप उपसलं जातं, मासे लगेच विकले जातात, होड्या कधी थांबत नाहीत. मिळकत सरळ तिप्पट. बसल्या जागी मिळकतीचा याहून मोठा कळस नाही. तो घेणं हे माझं एकोणीस वर्षांचं स्वप्न होतं म्हटलं तरी चालेल. हसायचं असेल त्याने हसावं.

पण शिल्लक सत्तेचाळीस लाखांवर गेली रे गेली की ताई काहीतरी घेऊन ठेवायची. आधी बाकांची रांग. मग आठ लाखांचा दीपस्तंभ. मी फळ्यावर लिहिलं, "दिवाणजीसाठी जमवतोय." तिने लिहिलं, "दिवाणजी नको." मी विचारलं, "का?" उत्तर, "उगाच." आणि वर ही बदकं. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या महिन्यात छापखान्यात कामाची झुंबड होती. ताई सकाळी उपसून जायची, खरेदीला तिला सवड नव्हती. रविवारी संध्याकाळी शिल्लक पाहिली. पन्नास लाख चारशे. तिला विचारायला हवं होतं, हे तेव्हाही कळत होतं. पण विचारलं असतं तर सोमवारी सकाळी धक्क्यावर एखादा हत्ती उभा असता. मी दिवाणजी घेतला आणि फळ्यावर लिहिलं, "दिवाणजी ठेवला. रागावू नकोस."

सोमवारी फळ्यावर उत्तर नाही. मंगळवारी नाही. गोदाम मात्र लखलखीत, नाण्यांचा नुसता पाऊस. मी वहीत आकडे लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, बाईसाहेब रुसल्या. रुसू दे. चार दिवसांनी मलाही राग आला. एवढं काय बिघडलं? फायदा काय माझ्या एकट्याचा होता? मीही फळ्यावर काही लिहिलं नाही. शिल्लक साडेतीन लाख झाली होती आणि घ्यावं असं काहीच उरलं नव्हतं.

दहाव्या दिवशी दुकानात फोन वाजला. भाची होती.

"मामा, आई पडली. जिन्यावरून. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं."

"कधी?"

"सोमवारी सकाळी. कामाला जाताना." ती रडायला लागली. "आता जखमेत पू झालाय, ताप उतरत नाहीये. आई म्हणायची, मामाला फोन करू नकोस, तो घाबरेल. तो मांजरं बघून येईल. रोज विचारते, आला का? मामा, तू मांजरं नाही का बघितलीस?"

माझ्यासमोर उघडा काटा होता, हातात पितळी वजन होतं. ते मी कुठे ठेवलं, आठवत नाही. नंतर बायकोला ते चहाच्या डब्यात सापडलं.

बसमध्ये सहा तास मी एकच गोष्ट उगाळत होतो. दहा दिवस. त्या दिवाणजीने दहा दिवस तिच्या पाळीचं गोदाम उपसलं, एक मासा बाहेर सांडू दिला नाही, आणि मी त्याचं कौतुक वहीत लिहून ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाला आपल्या घरचा काटा बंद पडलेला कळला नाही. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

वॉर्डमध्ये शेवटून दुसरी खाट. तिचं तोंड दाराकडे होतं. खिडकीकडे वळवली असती तर उजेड आला असता; भाची म्हणाली, ताईनेच वळवू दिली नाही. ताई एवढीशी दिसत होती. छटाक आता तीच झाली होती.

"आलास?" ती म्हणाली. आवाज ओढलेला. "या खेपेला मांजरं इतकी उशिरा कशी आली रे?"

खोटं बोलता आलं असतं. तिचा मोबाइल जिन्यावर फुटला होता, तिने त्या दिवसापासून गेम पाहिलाच नव्हता. नेट बंद होतं म्हटलं असतं, भाचीनेही खरं मानलं असतं.

"मांजरं आलीच नाहीत, ताई. मी दिवाणजी घेतला. रविवारी."

शेजारच्या खाटेवरची बाई सफरचंद कापत होती, ती थांबली.

"मिळकत किती वाढली?"

"तिप्पट."

"हं." तिने डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं ते कानापर्यंत गेलं, पुसायला तिचा हात उचलत नव्हता. "छटाक्या, मग मी ती बदकं कशाला घेत होते रे?"

मला तेव्हा कळलं. बाकं, दीपस्तंभ, बदकं. सगळं मांजरांसाठी. मी तिच्या चादरीवर डोकं टेकवून रडलो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. तिला सांगितलं, की मी मूर्ख आहे. ती म्हणाली, "ते आहेसच." मग म्हणाली, "मला वाटलं, या वेळी तुला यायचंच नाहीये."

हे वाक्य मी कुठल्या काट्यावर ठेवू?

डोळे पुसून मी मोबाइल काढला आणि दिवाणजीवर बोट दाबलं. त्याला काढता येतं, पण पैसे परत मिळत नाहीत. गेमने दोनदा विचारलं, नक्की ना? ताई पडद्याकडे बघत होती. "पन्नास लाख," ती म्हणाली, जरा घाबरूनच. मी हो म्हटलं. निळी टोपी धक्क्यावरून चालत गेली आणि दिसेनाशी झाली.

दोन दिवसांनी ताप उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. त्या संध्याकाळी सहा वाजले तरी मी गोदाम उपसलं नाही. ताईने विचारलंही नाही. सकाळी सहाला वॉर्डमध्ये दिवे लागले, तेव्हा मी तिच्या उशाशी खुर्चीवरच होतो. मोबाइल तिच्या हातात दिला. होड्या थांबल्या होत्या. गोदामाच्या दारातून मासे सांडले होते आणि मांजरं जमली होती. ती बोट ठेवून मोजत होती. बदकं मागे पोहत होती.

"सात," ती म्हणाली.

मांजरं यायच्या आधी मी तिच्या उशाशी पोचलेला होतो, असं पहिल्यांदाच झालं.

"बस थोडा वेळ," ताई म्हणाली. "खाऊ दे त्यांना. मग उपस."