उघड्यावर पडलेली कार्डं

भालकीच्या बसस्टँडसमोर नेत्रावतीचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. फॉर्म भरला की ती स्क्रीनशॉट काढून ठेवायची. उद्या साइट अडून बसली तरी पुरावा हाताशी असावा. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं. बटण दाबलं की फोटो निघे, त्याची लिंक होई, आणि ती लिंक ती गिऱ्हाइकाला पाठवून देई.

मंगळवारी दुपारी स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आलेल्या प्रेरणानं दुकानातच आपली लिंक उघडली.

"अक्का, ही बाई कोण? माझ्या फोटोखाली हिचं कार्ड दिसायलंय."

ती मंठाळची गुरुबाई होती, मागं फॉर्म भरून घ्यायला आलेली. तिच्याखाली आणखी फोटो होते. रेशन कार्डं, पासबुकं, सह्या, अंगठे. सगळं आपल्याच कॉम्प्युटरात आहे असं नेत्रावती धरून चालली होती, पण ते सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो नेटवर, कुणालाही दिसेल असा चढवत होतं. तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि एकेक फोटो पुसत बसली. दिवस कलला तेव्हा सगळे पुसून झाले, पण तोवर ते कुणी बघितले, कुणी उतरवून घेतले, हे कळायला मार्ग नव्हता.

कलबुर्गीला कॉलेजच्या लॅबमध्ये असलेल्या भावाला, वीरेशला, तिनं फोन लावला. तो म्हणाला, ते सॉफ्टवेअर काढून टाक आणि ओपन सोर्सवालं घे. तेही फुकटच, वर त्याचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो.

"उघड्यावर पडूनच तर वाटोळं झालंय," ती म्हणाली.

"सैपाक कसा केला ते उघडं असतंय, अक्का. तुझ्या ताटात काय हाय ते न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं तीन सॉफ्टवेअरं लावून बघितली. पहिल्याला सगळं टाइप करून सांगावं लागे. दुसऱ्यात नंबर झाकायची सोयच नव्हती. तिसरं हलकं होतं, त्यात काळी पट्टी मारता येत होती. पण कोपऱ्यात फोटो नेटवर चढवायचं बटण दिसलं. सेटिंगमध्ये शोधून तिनं ते बंद केलं. तेवढ्यानं मन भरेना. तिनं नेटची वायरच उपसली, स्वतःच्या कार्डाचा स्क्रीनशॉट घेतला, नंबरावर पट्टी मारली. फोटो गुमान तिच्या फोल्डरात जाऊन बसला. तिनं पुन्हा एकदा करून बघितलं.

गुरुबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नेत्रावती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण गुरुवारी सकाळी ती दुकान बंद ठेवून मंठाळला गेली. गुरुबाई तूर निवडत होती. नेत्रावतीनं झालं ते सगळं सांगितलं.

"कुणी कुणी बघितलं?" गुरुबाईनं विचारलं.

"म्हाईत न्हाई, मावशी."

गुरुबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती म्हणाली, "सांगाय आलीस, बरं केलीस. पण आता माझं कार्ड तुझ्याजवळ ठिवू नको. पट्टी मारून बी नको."

नेत्रावती व्हय म्हणाली. नवीन सॉफ्टवेअर कसं चांगलं आहे ते सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

परतताना बसमध्ये तिनं फोटो उघडे पडलेल्या बाकीच्यांची नावं आठवून लिहून काढली, सदतीस झाली. भालकीत उतरली ती दुकानाकडं गेलीच नाही. पहिलंच नाव औराद तालुक्यातल्या चिंताकीच्या राजूबाईचं होतं. औरादची बस कधी सुटते ते विचारायला ती चौकशीच्या खिडकीकडं वळली.