कुर्माघरातील तिसरा दिवस

बोडीखेड्याच्या तळ्याकाठी महादेवाचे देऊळ आहे. त्या देवळाच्या पायरीवर इस्तारी ढिवराने माझ्यासमक्ष बेलपान उचलले होते. "आता हिच्या आंगाले हात लावन, तं माह्या जाळ्यात मासोळी येनार नाई," असे तो स्वच्छ आवाजात म्हणाला. त्याची पत्नी रंजीता खालच्या पायरीवर उभी होती. तिच्या डाव्या मनगटाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. फाटलेले जाळे वेळेवर विणले नाही म्हणून त्याने डोंग्याच्या वल्ह्याने ते मनगट मोडले होते. ती माझ्याकडे आश्रय मागायला आली होती. मी तिला शपथ मिळवून दिली.

छत्तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले. उच्चारलेला शब्द मनुष्याला बांधतो, ही माझी श्रद्धा होती. सेवानिवृत्तीनंतर त्या देवळाची पूजा माझ्याकडे आली आणि गावातील तंटेही आले. "जा मुली, आता भय नाही," असे सांगून मी तिला परत धाडले. ती एकदा तळ्याकडे पाहून निघाली. ती १९९७ सालच्या मार्गशीर्षातील गोष्ट.

चैत्रात, मोहाची फुले पडू लागली तेव्हा, कोसमटोल्याची बुधरी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. कोसमटोला हा जंगलात दोन कोसांवरचा गोंडांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती. बुधरी तिथली म्हातारी. बाजारात ती रंजीताकडून सुकी मासोळी घेई, त्यावरून दोघींचा स्नेह. बुधरी सर्वांना एकेरीच बोलावते, देवालाही.

"गुरुजी, तू धाडलं होतं ना तिले वापस? आता तूच ने."

"काय झाले?"

"काल दुपारी त्यानं पोटात लाथा घातल्या. तीन महिन्याची होती, त्याले ठाऊक नोहतं. भाताचा गंज उलटा पडला, त्याच्यावरच पडली ती, तरी मारून राह्यला होता. जंगलातून पयत आली. आमच्या कुर्मात ठेवली हाय."

कुर्मा म्हणजे टोल्याच्या कडेचे लहानसे कुडाचे घर. पाळीच्या दिवसांत गोंडांच्या बायका तेथे राहतात. पुरुष त्या घराच्या वीस पावलांत फिरकत नाही. मर्यादेवर मोहाचे एक झाड आहे, त्याच्या अलीकडच्या दगडावर जेवण ठेवून लोक परततात. इस्तारीही तो विटाळ मानी. त्या घरातील बाईचा स्पर्श झाला तर जाळे वांझ होते, अशी ढिवरांचीही समजूत. तो पाठलाग करीत आला आणि मोहाजवळ थबकला. तेव्हापासून मांडीवर कुऱ्हाड घेऊन तेथेच बसून होता.

"पाच दिवस मोजून राह्यला," बुधरी म्हणाली. "न्हाऊन भायेर आली का तोडतो म्हनते. पण हे पाळीचं रगत नोहे, गुरुजी. लाथेचं हाय. गाठी पडून राह्यल्या. त्याले समजलं तं आत घुसन. आन पाच दिवस ती टिकत नाई."

मी सायकल काढून तालुक्याच्या गावी गेलो. ठाण्यात एक शिपाई कागदाने वारा घेत होता. "घरचा मामला हाय, गुरुजी. तुमीच समजवा ना दोघाइले." समजावून झाले होते, हे त्याला सांगताना मला लाज वाटली. पंचायत समितीच्या साहेबांनी दौऱ्यावरून परतल्यावर भेटू म्हणून निरोप दिला. स्त्रीला ठेवून घेणारे घर या जिल्ह्यात कोठे आहे, हे एवढ्या कचेऱ्यांत कोणालाही ठाऊक नव्हते.

ते ठाऊक होते प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रेमिला सिस्टरांना. त्यांनी केस पेपरच्या पाठीवर पत्ता लिहिला आणि मला टेलिफोनच्या बूथवर नेऊन स्वतः फोन लावला. "जागा आहे. आधी दवाखाना, मग तिथे," त्या म्हणाल्या. "जीप डांबरी रस्त्यापर्यंत येईल. तिथवर तुम्ही आणा. आणि गुरुजी, पाच दिवसांची वाट पाहू नका. उद्याच."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बैलबंडी घेऊन कोसमटोल्याला पोहोचलो. टोल्यातील सात-आठ पुरुष दूर कुंपणाशी उभे होते. इस्तारी मोहाखाली होता. त्याचे डोळे तांबारले होते, खांद्यावर जाळे होते.

"या गुरुजी! पुन्हा बेल आनला काय?" तो हसला. "मधात नका पडू. माही बायको हाय. न्हाऊन येईनच ना भायेर, मी कायले घाई करू?"

"तू शपथ मोडलीस, इस्तारी."

"हात नाई लावला. लाथ मारली," असे म्हणून तो पुन्हा हसला. मग त्याचे लक्ष बंडीकडे गेले. ती कशासाठी आणली आहे, हे त्याला उमगले आणि त्याचा चेहरा पालटला. त्याने मर्यादा ओलांडली नाही. त्याने दगड उचलला.

पहिला दगड कुडाला लागला. दुसरा कौल फोडून आत गेला आणि आतून किंकाळी आली. "भायेर निघ! निघ म्हनतो ना!" तो दगड वेचून वेचून फेकीत होता. प्रत्येक फेकीसरशी त्याच्या तोंडून तिच्या आईबापांचा उद्धार होत होता. दगडाला विटाळ नसतो. भिंतीचा शेणलेप ढासळला, पाण्याचे मडके फुटले. एक तरुण गोंड स्त्री कपाळ धरून दारात आली, तिच्या बोटांतून रक्त वाहत होते.

माझी पत्नी सदतीस वर्षे दर महिन्याला मागच्या पडवीत बसली. एकदा तापाने फणफणली असता तिने पाणी मागितले होते. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरलो होतो. त्या क्षणी मला तो तांब्या दिसला. मी मोहाचे झाड ओलांडले.

आत अंधार होता. फुटलेल्या कौलातून उन्हाचा एक पट्टा रंजीताच्या पायांवर पडला होता. तिच्याखालचे गोणपाट काळे झाले होते; बुधरी आणि कुर्मातली आणखी एक बाई तिचे रक्त पुसत होत्या. कानाजवळ दगड लागून कातडी फाटली होती. तिने मला ओळखले आणि भिंतीकडे सरकली.

"गुरुजी, पुन्हा घरी नेऊन राह्यले काय मले?"

एवढे कठोर वाक्य मला आयुष्यात कोणी ऐकवले नव्हते. "नाही, मुली," मी म्हणालो. बुधरीने खांद्यांखाली हात घातले, मी पाय उचलले. ती अतिशय हलकी होती. तिचे रक्त माझ्या धोतरावर, जानव्यावर उतरले.

दारात येताच इस्तारी ओरडला, "बाटला! बामन बाटला!" आणि कुऱ्हाड उगारून दोन पावले आत आला. बुधरीने रंजीताचा भार माझ्या हाती सोपवला आणि कुर्मातील दोघी बायकांसह पुढे झाली. तिघींनी रक्ताने माखलेले तळवे त्याच्यापुढे धरले.

"ये ना! लाव हात! काऊन थांबला?" बुधरी म्हणाली. "तुया जाळ्यालेच पुसतो आता."

तो खरोखरच मागे सरला. खांद्यावरचे जाळे त्याने छातीशी कवटाळले. आणि मागे सरता सरता त्याने कुऱ्हाड फेकली.

ती रंजीतासाठी होती. मी वळलो, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा माझ्या गळ्याजवळच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला कानांच्या आत ऐकू आला. मी गुडघ्यांवर आलो, पण रंजीताला खाली पडू दिले नाही.

आता त्याचा हात रिकामा होता आणि तो मर्यादेबाहेर होता. तीन दिवस परक्या घरचा मामला म्हणून पाहत राहिलेले टोल्यातील पुरुष हलले. त्यांच्या कुर्माघरावर दगड पडले होते, त्यांच्या मुलीचे कपाळ फुटले होते. त्यांनी इस्तारीला खाली पाडले. लाकडांनी, टाचांनी त्याला इतके तुडवले की त्याच्या तोंडून फेस आला. शेवटी त्याच्याच जाळ्याने त्याला मोहाच्या खोडाला बांधले. मी "पुरे" म्हणालो नाही. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

बंडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत बुधरी रंजीताच्या पोटावर घडी दाबून बसली होती. जीपमध्ये प्रेमिला सिस्टर होत्या. गर्भ गेला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला तीन बाटल्या रक्त चढले. त्यातली एक कोसमटोल्याच्या एका पुरुषाची होती. सिस्टरांनी हट्ट धरून ठाणेदारांना खाटेपाशी आणले आणि जबाब लिहवून घेतला. माझाही जबाब झाला. त्यात मार्गशीर्षात मी तिला परत कसे धाडले, तेही मी आधी सांगितले. इस्तारीला अटक झाली. पण तो जामिनावर सुटणार, हे सर्वांनाच कळत होते.

अकराव्या दिवशी आम्ही केस पेपरच्या पाठीवरील पत्त्यावर पोहोचलो. साधे बसके घर, भोवती उंच भिंत, लोखंडी फाटक. पाटी नव्हती. फाटक उघडणाऱ्या बाईंनी रंजीताला आत घेतले आणि माझ्यापुढे हात आडवा केला.

"गुरुजी, पुरुषांना इथपर्यंतच."

मी नमस्कार करून उभा राहिलो. गळपट्टीत बांधलेला हात ठणकत होता. आत कोणीतरी जात्यावर दळीत होते, एक मूल आंघोळीला नको म्हणून रडत होते. रंजीता चार पावले चालून थांबली आणि भिंतीला धरून परत फाटकाशी आली.

"गुरुजी, तो सुटला का तुमच्याकडे येईन. पयले तुमच्याकडेच येईन. रडन, पाया पडन."

"येऊ दे."

"त्याले हे ठिकान सांगसान काय?"

"नाही. महादेवाची..." मी उजवा हात वर केला.

तिने गजांतून हात बाहेर काढून माझा हात खाली केला.

"शपथ नोको, गुरुजी. निसतं सांगू नका."

श्रावणात तो आला. रडला, पाया पडला, देवळाच्या पायरीवर दिवसभर बसून राहिला, संध्याकाळी त्याने माझ्या दारावर लाथा घातल्या. मी सांगितले नाही. त्या घराचे गाव मी येथेही लिहिलेले नाही.